बारावीनंतर थेट मेडिकल राहू द्या, पण आधी बारावी तरी जागेवर आणा

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या देशभरच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की दरवर्षी एक चर्चा हमखास सुरू होते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला काय कळतं, एवढ्या लवकर डॉक्टरकीला कशाला घालायचं, अमेरिकेत बघा आधी चार वर्षांची डिग्री, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, तोपर्यंत माणसाला जरा समज येते, आपल्याकडेही तसंच करायला पाहिजे. शिकलेली, चांगली माणसं हे बोलतात आणि मनापासून बोलतात. मी धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, अकरावी-बारावीची पोरं रोज समोर असतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. दुखणं वेगळ्याच जागी आहे आणि आपण भलतीकडेच मलम लावत बसलोय.

आधी वयाचं बोलू. नीटला बसायला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण पाहिजेत, एमबीबीएस साडेचार वर्षांचं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर तेविसाव्या वर्षी पोरगी डॉक्टर. आता हिच्याआधी तीन-चार वर्षांची बीएस्सी घाला. आमच्याकडे शिंदखेडा, साक्री, पारोळा, धडगाव अशा भागात एकविसाव्या वर्षापर्यंत पोरीचं लग्न थांबवून धरायचं म्हणजे आईला घरात आणि बापाला भाऊबंदकीत किती जणांशी भांडावं लागतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच माहीत. आत्ता ती आई एवढंच सांगू शकते की बारावी झाली, मेडिकलला नंबर लागला, आता कोणी लग्नाचं नाव काढायचं नाही, आणि खरंच कोणी काढत नाही, कारण नंबर लागला या एका गोष्टीपुढे आमच्या गावातली भली भली तोंडं बंद होतात. त्याच आईला आधी बीएस्सी, मग परीक्षा, मग बघू असं सांगायला लावलं तर निम्म्या पोरी त्या बीएस्सीतच संपतील. पोरांचं म्हणाल तर तेच, कापसाचा भाव पडला की ज्याचं शिक्षण लांबलंय त्याचंच पहिलं बंद होतं. डिग्रीनंतर मेडिकल ही ज्याच्या घरात पैसा आणि थांबायची ताकद दोन्ही आहे त्याला परवडणारी पद्धत आहे.

आणि शाळेतून थेट घेणारे आपण काही जगात एकटे नाही. इंग्लंडमध्ये पोरं अठराव्या वर्षी ए लेव्हल, म्हणजे त्यांची बारावी, करून मेडिकलला जातात, जर्मनीतही शाळा संपली की थेट सहा वर्षांचा कोर्स. फरक एवढाच की इंग्लंडमध्ये मार्क आणि प्रवेश परीक्षेसोबत समोर बसवून बोलतात, आणि ज्याला हे उशिरा सुचलं त्याच्यासाठी पदवीनंतरचा चार वर्षांचा वेगळा कोर्सही काही कॉलेजांत ठेवलाय. आपल्याकडेही जुन्या काळी अकरावीची एसएससी, मग इंटर सायन्स करून पोरं मेडिकलला जायची, ती काही फार म्हातारी नव्हती, आणि धुळे-जळगावला ज्यांच्या दवाखान्याबाहेर बैलगाड्या उभ्या राहायच्या ते जुने डॉक्टर त्यातलेच. सतरा वर्षांच्या पोराला समज नसते असं नाही, समज यायला त्याच्या हातात काहीतरी खरं द्यावं लागतं.

तेच आपण दिलेलं नाही, कारण ज्या बारावीतून ही पोरं थेट जातात असं आपण म्हणतो ती बारावी आता हजेरीपटावरच उरलीय.

कोणत्याही तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात ऑगस्टमध्ये जाऊन बघा. पटावर सायन्सचा वर्ग फुल्ल, वर्गात पंखे फिरतायत आणि बाकांवर पंधरा-वीस पोरं. बाकीची लातूरला, नाशिकला, कोटाला, नाहीतर धुळ्या-जळगावच्या क्लासच्या होस्टेलला. ॲडमिशन आमच्याकडे, शिक्षण तिकडे. काही ठिकाणी तर क्लास आणि कॉलेजचं टाय-अपच असतं, क्लासवालाच सांगतो की फॉर्म अमुक कॉलेजला भरा, तिथे हजेरीची कटकट नाही. सगळ्यांना माहीत आहे, पालकांना, संस्थेला, शिक्षण खात्याला. दोन वर्षं पोरगं कॉलेजची पायरी चढत नाही आणि तरी नियमित विद्यार्थी म्हणून बोर्डाच्या परीक्षेला बसतं.

मग फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला ही पोरं उगवतात. बारावीच्या बायोलॉजीला थिअरी 70 आणि प्रॅक्टिकल 30 मार्कांचं. मागे असाच एक मुलगा आला, अतिशय हुशार, क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये 720 पैकी सहाशेच्या वर जाणारा, बोलायला नम्र. वृषणाच्या छेदाची स्लाइड ओळखायची होती. शुक्राणू कसे तयार होतात हे त्याला विचारलं तर पानच्या पान म्हणून दाखवेल, कोणत्या पेशीत किती गुणसूत्रं ते झोपेतून उठवलं तरी सांगेल. पण मायक्रोस्कोपवर त्याने पहिल्यांदाच डोळा लावला होता. आधी छोट्या लेन्सवर बघायचं, मग मोठी फिरवायची, हे त्याला कोणी दाखवलेलंच नव्हतं. त्याने थेट 45एक्स लावली आणि दिसत नाही म्हणून मोठी चकती खाली खाली फिरवत राहिला, शेवटी लेन्स काचेवर टेकली आणि कच्चकन स्लाइडला तडा गेला. घाबरला बिचारा, सॉरी मॅडम सॉरी मॅडम करायला लागला. मी त्याला बाजूला घेतलं, दुसरी स्लाइड लावली, हळूहळू फोकस करून दिलं आणि म्हटलं आता बघ. तो बघतच राहिला. पुस्तकात ज्याचं चित्र त्याने शेकडो वेळा पाहिलं होतं ते खरंखुरं समोर होतं आणि दोन मिनिटं तो मान वर करायलाच तयार नव्हता. ही उत्सुकता त्याच्यात होतीच की, दोन वर्षं तिला कोणी हात लावला नव्हता. त्याची यात काडीची चूक नाही, त्याला जिंकायला सांगितलं होतं आणि जिंकायला मायक्रोस्कोप लागत नाही.

कारण परीक्षाच तशी आहे. 180 प्रश्न, 180 मिनिटं, 720 मार्क, बरोबरला चार आणि चुकलं की एक वजा. 90 प्रश्न बायोलॉजीचे, 45-45 फिजिक्स-केमिस्ट्रीचे. बारावीत पीसीबीला, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीला, ओपनला 50 आणि राखीवला 40 टक्के पडले की झालं, त्यापुढे बारावीच्या मार्कांना शून्य किंमत. म्हणजे दोन वर्षांत पोरगं वर्गात काय शिकलं, हाताने काय केलं, चार लोकांत कसं वागलं, यातलं काहीही मोजलं जात नाही. मोजली जाते मे महिन्यातल्या एका रविवारची दुपारी दोन ते पाचची कामगिरी. आमच्याकडे तेव्हा पारा 43-44 ला टेकलेला असतो, दीडला गेट बंद होतं म्हणून धडगाव-मोलगीकडची पोरं पहाटेच घर सोडतात नाहीतर आदल्या रात्रीच येऊन नातेवाइकाकडे पडतात.

जी पंधरा-वीस पोरं वर्गात उरतात त्यांचं काय होतं ते कोणी विचारतच नाही. त्यात पोरी जास्त. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट आहे, त्यामुळे सकाळच्या गाडीने येतात, दुपारच्या गाडीने परत, घरी गेल्यावर दिवाळीच्या सुमाराला कापूस वेचायला. या पोरी प्रत्येक प्रॅक्टिकल करतात, जर्नल स्वतः लिहितात, प्रश्न विचारून मला भंडावून सोडतात. यातल्या एखादीचा बाप येतो, टोपी हातात घेऊन उभा राहतो, म्हणतो, "मॅडम, पोरगीले डाक्टर करनं शे." मी काय सांगू त्याला? बायोलॉजी मी शिकवीन, पण फिजिक्सची जागा किती वर्षं रिकामी आहे, तासिका तत्त्वावर जो येतो त्याला पगार वेळेवर नाही म्हणून तो मध्येच सोडून जातो, आणि नीटमध्ये आमच्या पोरांना रडवतं ते फिजिक्सच. ही पोरगी नीटला साडेतीनशे-चारशेच्या आसपास अडकते. अडीच लाख रुपये घालून लातूरला ठेवली असती तर तीच पुढे गेली असती हे मला माहीत असतं, तिच्या बापालाही माहीत असतं. मग बीएस्सी नाहीतर नर्सिंग, नाहीतर लग्न. नर्सिंगला मी कमी लेखत नाही, चांगली नर्स म्हणजे दवाखान्याचा कणा, पण तिने ते निवडलेलं नसतं.

आणि जे लागतात ते तरी थेट कुठे लागतात. आमच्या भागातून ज्यांचा सरकारी कॉलेजला नंबर लागतो त्यांची चौकशी केली तर बहुतेक वेळा एक ड्रॉप, म्हणजे नीट परत द्यायला थांबून काढलेलं एक वर्ष, कधी दोन, रिपीटर बॅच, पुन्हा तीच मॉड्यूल, तीच एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं ओळन् ओळ. म्हणजे अमेरिकेतला पोरगा अठरा ते बावीस काहीतरी शिकत असतो, डिग्री घेतो, नोकरी करून बघतो, आणि आमचा अठरा ते वीस त्याच पुस्तकात डोकं घालून एका खोलीत बसलेला असतो. वय वाढतं, शिक्षण काहीच वाढत नाही. वरच्या वयाची अटही काढून टाकली आणि कितीदा बसायचं याला मर्यादा नाही, ते चांगलंच केलं, पण त्याचा फायदाही ज्याला दोन वर्षं बिनकमाईचं बसणं परवडतं त्यालाच. ज्यांना सतरा वर्षं कोवळी वाटतात त्यांनी या ड्रॉपच्या वर्षांकडे बघावं, पोरं कोमेजतात ती तिथे.

यावर सरकार काय करतं तर कडेकडेने. जानेवारी 2024 मध्ये केंद्राने सांगितलं की सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगवाल्यांनी घ्यायचं नाही. चांगलं आहे, पण अकरावीचं पोरगं सोळाचंच असतं, मग रोखलं काय? राज्याने 2024 मध्येच आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक कोर्सची फी माफ केली. हे तर फारच चांगलं आहे, मी वर्गात सगळ्या पोरींना बोर्डवर लिहून सांगितलं. पण ती माफी मिळते नंबर लागल्यावर, आणि नंबर लागण्याआधीची जी फी आहे, क्लासची, होस्टेलची, मेसची, ती कोण माफ करणार? आईची पोत गहाण पडते ती तिथे, मेडिकल कॉलेजच्या काउंटरवर नाही.

मग परत बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन द्यायची का? नाही, मी तसं मुळीच म्हणणार नाही. तसं होतं एकेकाळी, राज्यात सीईटी ही प्रवेश परीक्षा आली त्याआधी, आणि तेव्हा परीक्षा केंद्रांवर काय चालायचं ते आमच्या खान्देशात सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवर चढलेले मामा-काका, खिडकीतून येणाऱ्या चिठ्ठ्या, एकेका मार्कासाठी प्रॅक्टिकलच्या एक्झामिनरची सरबराई. एक समान परीक्षा पाहिजेच. 2024 ला सुरुवातीच्या निकालात 67 जणांना 720 पैकी 720 पडले, पेपरफुटी सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, तरी मी म्हणेन परीक्षा राहू द्या आणि तिला सुधारा. पण तिच्या यादीत कोण कोणाशी स्पर्धा करतंय ते तरी बघा.

तामिळनाडूने ते बघितलं. तिथे नीट आल्यावर सरकारी शाळेतली मुलं मेडिकलमधून जवळजवळ दिसेनाशी झाली, मग निवृत्त न्यायमूर्ती कलैयरासन यांचा आयोग नेमला, त्यांनी 10 टक्के जागा सुचवल्या आणि सरकारने 2020 मध्ये कायदा करून साडेसात टक्के जागा सरकारी शाळेतल्या मुलांना दिल्या. अट काय, तर सहावी ते बारावी सरकारी शाळेतच शिकलेलं पाहिजे, आणि नीट पास झालेलं पाहिजे. परीक्षा कोणाला माफ नाही. 2022 ला मद्रास हायकोर्टाने हा कायदा योग्य ठरवला. म्हणजे कायद्याच्या कसोटीवर उतरलेला रस्ता समोर आहे, आपण नुसता बघतोय.

महाराष्ट्रात तो जसाच्या तसा उचलता येणार नाही हे मान्य. आपल्याकडे अकरावी-बारावीची सरकारी ज्युनिअर कॉलेजं फारशी नाहीत, बहुतेक अनुदानित आणि कुठल्या ना कुठल्या संस्थेची. म्हणून अट अशी ठेवावी लागेल की पाचवी ते बारावी जिल्हा परिषद, नगरपालिका, आश्रमशाळा किंवा ग्रामीण अनुदानित शाळेत शिकलेलं पोर, आणि बारावीत प्रत्यक्ष हजर असलेलं. हा शेवटचा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. नाहीतर लातूरला बसलेली पोरं कागदावर आमच्या आश्रमशाळेत दिसायला वेळ लागायचा नाही. आपल्याकडे डोंगरी भागासाठी छोटा कोटा आधीपासून आहे, म्हणजे शाळा कुठे झाली ते बघून जागा द्यायची ही कल्पना काही नवीन नाही. 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या पोरांना आणि 30 टक्के राज्यभरातल्यांना असा 70:30 चा प्रादेशिक कोटा होता तो 2020 ला रद्द झाला, त्यावर मराठवाडा आणि बाकी महाराष्ट्र भरपूर भांडले, पण त्या भांडणातही खेड्यातल्या वर्गात बसणाऱ्या पोराचं नाव कोणी घेतलं नाही. आदिवासी आरक्षण आहे आणि ते राहायलाच पाहिजे, पण त्या जागांवरही आधी पोचतं ते क्लास परवडणाऱ्या नोकरदाराचंच पोर, तोरणमाळच्या आश्रमशाळेतलं मागेच राहतं.

लगेच मेरिटचा मुद्दा येईल. येऊ द्या. 2023 ला ओपनमधून नीट पात्र व्हायला 720 पैकी 137 मार्क पुरेसे होते. तेवढ्या पात्रतेवर खाजगी कॉलेजच्या संस्था कोट्यात, एनआरआय कोट्यात पैसे भरून दारं उघडतात, पोरं डॉक्टर होतात, कोणाच्या पोटात दुखत नाही. आमच्या पोरीने फिजिक्सच्या मास्तराशिवाय चारशे आणले की मात्र पेशंटच्या जिवाची काळजी सुरू होते. फर्स्ट इयरला ॲनाटॉमीच्या टेबलाभोवती सगळे सारखेच नवे असतात, पुढच्या परीक्षाही विद्यापीठ सगळ्यांची एकच घेतं, तिथे कोणाला सूट नाही. जी पोरगी सकाळची एसटी पकडून, कापूस वेचून, एकटीने अभ्यास करून तिथवर आली ती तिथे हरणार नाही याची मला खात्री आहे, मी अशा पोरी रोज बघते.

आणि गरज कोणाला आहे? धुळ्याला सरकारी कॉलेज जुनंच आहे, 2018 ला जळगावला झालं, 2020 ला नंदुरबारला. तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज, आपल्या बापजाद्यांनी कल्पना केली नव्हती एवढं झालं. पण यादी लागली की त्यात मुंबई, पुणे, लातूर, संभाजीनगरची नावं, आणि साडेपाच वर्षं झाली की ती पोरं आपापल्या गावी. त्यांनी जाऊ नये असं मी कसं म्हणू, प्रत्येकाला घर असतं. पण मग अक्कलकुवा-धडगावला पावसाळ्यात बाळंतीण बांबूच्या झोळीतून खाली आणावी लागते तिथे थांबणार कोण? पावरा-भिल्ल वस्तीत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे पेशंट घरोघर सापडतात, त्यांना आयुष्यभर सांभाळणारा, "पोट दुखी ऱ्हायनं" म्हटल्यावर पुढचा प्रश्न त्याच बोलीत विचारणारा डॉक्टर बॉण्डच्या, म्हणजे डिग्रीनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, एका वर्षात तयार होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये आणि परत 2021 मध्ये हेच सांगितलंय की दुर्गम भागात डॉक्टर टिकवायचे तर तिथलीच पोरं कॉलेजात घ्या.

आपल्याच राज्यात सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 पासून उभं आहे. नीट येईपर्यंत त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि तिच्यात गांधी विचारांचा वेगळा पेपर असायचा, नवी पोरं आली की आधी आश्रमात राहून झाडलोट, सूतकताई, मग गावात शिबिर. म्हणजे सतरा-अठरा वर्षांचीच पोरं, बारावी झालेलीच, पण घेताना आणि घेतल्यावर त्यांच्याकडे माणूस म्हणून बघायची पद्धत होती. ती परीक्षा नीटमध्ये बुडाली. कोणी त्यावर फार रडलं नाही, मला मात्र ते अजूनही लागतं.

आता होईल कसं ते. 2025-26 पासून अकरावीची ॲडमिशन अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालीय. कोणतं पोर कोणत्या कॉलेजला, दहावी कुठून, पाचवीपासून कोणत्या शाळेत, हे सगळं सरकारकडे एका क्लिकवर आहे. हजेरी रोज ऑनलाइन घ्या आणि वर्षातून चार वेळा न सांगता वर्गात येऊन डोकी मोजा. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल त्याला नियमित विद्यार्थी म्हणू नका, त्याने 17 नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या बसावं आणि क्लासला खुशाल जावं, त्याला कोणी अडवलेलं नाही, फक्त हा कोटा त्याला नाही. तासिकेवरच्या मास्तरांना दर महिन्याला पगार द्या आणि फिजिक्सच्या जागा भरा, दर तालुक्यात एका कॉलेजात संध्याकाळची मोफत नीटची बॅच तिथल्याच शिक्षकांना मानधन देऊन चालवा, मी स्वतः तयार आहे आणि माझ्यासारखे पुष्कळ तयार आहेत. आणि आमच्या संस्थाचालकांनी क्लासवाल्यांशी केलेले टाय-अप येत्या जूनच्या आत मोडावेत. आमदार-खासदार मंडळी मेडिकल कॉलेज आणल्याचं श्रेय घेतात, त्यांचं ते आहेच, मग पुढच्या अधिवेशनात या साडेसात टक्क्यांचा प्रश्न खान्देशातला कोणता आमदार मांडणार, हे पालकांनी त्यांना गाठून विचारावं, मी आमच्या आमदारांना लेखी विचारलेलं आहे.